टांडीच्या पुढे 365 किलोमीटर

मनालीहून लेहला निघालं, की अटल बोगद्याच्या पलीकडे थोड्या वेळाने टांडी येतं. चंद्रा आणि भागा नद्यांचा संगम इथलाच. पण गाडीवाले टांडी ओळखतात ते पेट्रोल पंपामुळे. पुढचा पंप 365 किलोमीटरवर, अशी इथली पाटी प्रसिद्ध आहे. पेट्रोलची काळजी त्यामुळे सगळेच घेतात. पाटीवर नसलेली गोष्ट ही, की पुढच्या बहुतेक वाटेवर आपल्या गाडीचा साधा रबरी पाइपही मिळत नाही.

आम्ही बडोद्याहून व्हॅन घेऊन गेलो होतो. सोबत सासूबाई आणि सहा वर्षांची मुलगी. दारचा, झिंगझिंगबार मागे पडलं आणि बारालाचाचा चढ लागला. ही खिंड सुमारे 4,890 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब इतका कमी, की उघड्या भांड्यातलं पाणी 84 अंशांच्या आसपासच उकळतं. त्यात गाडी सतत पहिल्या गिअरवर. चढावरच रेडिएटरचा होज पाइप क्लिपपाशी फाटला आणि कुलंट रस्त्यावर सांडलं.

मोबाइलला रेंज नव्हती. दुपार उलटली, की बर्फ वितळून पुढच्या ओढ्यांचं पाणी वाढतं. सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं होतं. एवढ्या उंचीवर रात्र काढणं परवडणारं नव्हतं.

मागून आलेला ट्रकवाला न सांगता थांबला. “पाइप आहे का?” एवढंच त्याने हिंदीत विचारलं. आमच्याकडे होता. इंजिन निवेपर्यंत त्याने रेडिएटरच्या झाकणाला हात लावू दिला नाही. मग सीट उचलून नवा पाइप बसवला. जुन्याचा फाटलेला भाग कापून उरलेला तुकडा आमच्या हातात दिला. “अजून चालेल, ठेवा.” पैसे घेतले नाहीत. दोन जादा क्लिपा मात्र मागून घेतल्या.

त्या रस्त्यावर दुरुस्ती जाणणारे हात भेटतात. ट्रकवाले सगळं करू शकतात, पण तुमच्या मॉडेलचा पार्ट त्यांच्याकडे नसतो. म्हणून सामान निवडताना विचारावं: हा पार्ट फक्त माझ्याच गाडीचा आहे का, आणि तो गेला तर गाडी जागची हलेल का?

आमच्या पेटीत हे असतं: होज पाइप, फॅन बेल्ट, रेडिएटरचं झाकण, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, स्पार्क प्लग, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब. शिवाय दोन लिटर कुलंट, ब्रेक ऑइल, पंक्चर किट, हवेचा पंप, जंपर केबल, एम-सील, क्लिपा, तार आणि चिकटपट्टी. मऊ जमिनीत जॅक रुततो, म्हणून त्याखाली ठेवायला लाकडी फळी. स्टेपनीतली हवा निघण्याआधी तपासायची.

सगळं मिळून एका मधल्या आकाराच्या बॅगेत मावतं. जुने पण चालू बेल्ट टाकून देऊ नका, तेच स्पेअर म्हणून न्या. आणि निघण्यापूर्वी एक रविवार आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडे घालवा. कोणता पार्ट कुठे बसतो हे मुलांनाही पाहू द्या. दोन क्लिपा मात्र जास्तच घ्या. वाटेत कुणालातरी लागतात.