हरवलेल्या मुलीचं वय

शनिवारची सकाळ, दक्षिण लंडनमधलं एक सुपरमार्केट. पैसे भरायच्या रांगेत स्टीफन लुइस ट्रॉलीतलं सामान काढून ठेवतोय. तीन वर्षांची केट त्याच्या मागेच उभी आहे. तो वळतो तर केट नाही. इयन मॅकयूअनच्या ‘द चाइल्ड इन टाइम’ (१९८७) या कादंबरीत ही घटना सुरुवातीलाच उरकते आणि रहस्यकथेच्या सवयीनं वाचणारा इथंच फसतो. कोणी नेलं, का नेलं, याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही.

लेखकाचं सगळं लक्ष मागे उरलेल्या दोघांवर. स्टीफन फोटो घेऊन दारोदार हिंडतो. त्याची बायको ज्यूली घरात खुर्चीत बसून राहते. त्याला तिचं बसणं म्हणजे हार मानणं वाटतं, तिला त्याची वणवण म्हणजे दुःखाला दिलेली बगल. दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणून भांडणही धड होत नाही. संसार मोडत नाही, उसवतो. ज्यूली दूर खेड्यातल्या घरी राहायला जाते.

मूल वारलं की त्याचं वय तिथंच थांबतं. हरवलेलं मूल मात्र आईबापांच्या डोक्यात वाढत राहतं. केटच्या सहाव्या वाढदिवसाला स्टीफन दुकानात जाऊन तिच्यासाठी खेळणी घेतो, त्यात वॉकीटॉकीही असतो. (दोघांशिवाय खेळताच येत नाही असं खेळणं त्यानं निवडावं!) पुढे शाळेत जाणारी एक मुलगी त्याला केटच वाटते, तो तडक शाळेत शिरतो, प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत जातं. त्यानं पाहिलेला चेहरा तीन वर्षांच्या मुलीचा. त्यापुढचा त्यानंच रचलेला.

हाच माणूस बालसंगोपनावरच्या सरकारी समितीत बसून जांभया देतो. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एका काल्पनिक सरकारी पुस्तिकेतला उपदेश छापलेला आहे आणि समितीचं काम चालू असतानाच ती पुस्तिका गुपचूप लिहून तयार असते. थॅचरकाळावरचा हा टोला नेमका बसतो. राजकारण सोडून झाडावरच्या घरात पोरासारखं राहणारा मित्र चार्ल्स डार्क आणि त्याच्या पदार्थवैज्ञानिक पत्नीची काळाविषयीची व्याख्यानं यांचा मात्र कथेला भार होतो. कादंबरीला मिळालेल्या व्हिटब्रेड पुरस्कारानं ही तक्रार मिटत नाही.

शेवटी या जोडप्याला दुसरं मूल होतं. गेलेल्याची भरपाई म्हणून ते आलं असं वाचलं, तर सगळी कादंबरीच स्वस्त होते. पण मॅकयूअननं क्रम सांभाळला आहे. बाळंतपणाआधी नवराबायको तीन वर्षांत पहिल्यांदा केटसाठी एकत्र रडतात आणि आपल्यापुरती ती आता मोठी होणार नाही, हे मान्य करतात. बाळ त्यानंतर येतं. हाच क्रम उलटा असता, तर स्टीफननं केलेली ती वाढदिवसाची खरेदी नुसती कीव करण्यापुरती उरली असती.