सहा वर्षांची चूक

आमचे पूर्वज देवापाशीं शंभर शरद ऋतूंचें आयुष्य मागत असत. शाळेंत प्रार्थना झाल्यावर आम्ही मुलांना मोठ्या अभिमानानें सांगत असूं कीं, पाहा, आपल्या ऋषींचा जीवनावर केवढा लोभ होता! परंतु त्या शंभरांपैकीं शेवटच्या तीस शरदांचें औषधपाणी कोणाच्या पदरीं, हा प्रश्न एकाहि विद्यार्थ्यानें विचारला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर तो आम्हांलाहि सुचला नाहीं. तो सुचण्यास घरांत एक प्रसंग यावा लागला. त्या प्रसंगांत आमचाच एक अपराध उघडकीस आला. तो वाचकांपुढें मांडावा, आणि त्यानिमित्तानें चार उपयोगी गोष्टीहि सांगाव्या, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्हीं छत्तीस वर्षें मास्तरकी केली. दर जून महिन्यांत पोरांना घेऊन आया शाळेंत येत. जन्मतारीख विचारावी तर, 'आखाड लागला तवा झाला जी,' याहून अधिक पुरावा मिळत नसे. मग मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो कीं नाहीं तें पाहावें, लागला तर सहा वर्षांचें धरावें, आणि तारखेच्या रकान्यांत '१ जून' असें लिहून मोकळें व्हावें. महाराष्ट्रांत १ जूनला जन्मलेल्यांची जी अफाट संख्या दिसते, ती देवाची नव्हे, आम्हां मास्तरांची करणी आहे. यांत आपण कोणाचें कांहीं बिघडवितों, असें आमच्या मनांतहि आलें नव्हतें.

सन २०१० च्या सप्टेंबरांत नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं आधारचीं पहिलीं कार्डें वांटलीं गेलीं. पुढील वर्षीं आमच्या शाळेच्या ओटीवरहि तीं यंत्रें येऊन बसलीं, आणि लोकांचे अर्ज भरून देण्याचें काम आम्हां शिक्षकांकडे आलें. एके दुपारीं रांगेंत आमच्या घरच्या मावशी उभ्या राहिल्या. मावशी म्हणजे १९८३ सालापासून आमच्या घरीं धुणेंभांडें, दळणकांडण, बाळंतपणें असें सर्व कांहीं सांभाळणाऱ्या. आमचीं दोन्ही मुलें त्यांच्या मांडीवर वाढलीं. वयाचा रकाना आला तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "मला काय ठावं गुरुजी? तुमीच लिवा." पाठीमागें पन्नास माणसें खोळंबलीं होतीं. आमच्या मनांत आलें, असतील आमच्याच वयाच्या; आणि आम्हीं स्वतःचेंच जन्मवर्ष, १९५९, लिहून दिलें. शाळेच्या जगांत सारीं मुलें १ जूनला जन्मतात, तशीं आधारच्या जगांत सारीं म्हातारीं माणसें १ जानेवारीला जन्मतात. मावशीहि तशाच जन्मल्या.

गेल्या वर्षीं, २०२५ च्या श्रावणांत, मावशी पाटावरवंट्यापाशीं बसल्या असतांना एकाएकीं घामानें भिजून गेल्या. सूनबाईनें विचारलें तेव्हां कळलें कीं, ही कळ दोन महिन्यांपासून येत होती. "सांगून काय करायचं? डाक्टर खर्च सांगणार, आन् तुमी कर्ज काढणार," असें त्यांनीं उत्तर दिलें. जिल्ह्याच्या गांवीं नेऊन तपासणी केली. हृदयाच्या रक्तवाहिनींत अडथळा असून जाळी बसवावी लागेल, दीड-दोन लाखांपर्यंत खर्च येईल, असें डॉक्टरांनीं सांगितलें.

त्या रात्रीं आमच्या एकत्र कुटुंबाची सभा भरली. चिरंजीवाच्या कंपनीचा आरोग्यविमा आहे, पण त्यांत आईबाप येतात, मावशी येत नाहींत. धाकटे बंधु म्हणाले, सगळ्यांनीं वर्गणी काढूं. सौभाग्यवतींनीं न बोलतां पाटल्यांच्या डबीकडे पाहिलें. तेवढ्यांत धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, सत्तरीच्या वरच्यांना सरकारचें कार्ड मिळतें ना?"

ती माहिती खरी होती. २०२४ च्या २९ ऑक्टोबरला, धन्वंतरि जयंतीच्या दिवशीं, केंद्र सरकारनें आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षें पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांस खुली केली. त्यापूर्वीं, २०१८ पासून, ती गरीब म्हणून नोंदलेल्या कुटुंबांपुरतीच होती. आतां सत्तरी ओलांडलेल्यास, मग तो श्रीमंत असो वा दरिद्री, 'आयुष्मान वय वंदना' नांवाचें कार्ड मिळतें. आणि योजनेंत सामील असलेल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य होतात. विम्याचा हप्ता रुग्णानें भरावयाचा नाहीं. तो भार केंद्र व राज्य सरकारांनीं, आपल्यासारख्या राज्यांत ६० आणि ४० या प्रमाणांत, उचलावयाचा. जुन्या दुखण्यासाठीं थांबण्याची अटहि नाहीं. आम्हां सर्वांचा जीव भांड्यांत पडला.

दुसऱ्या दिवशीं चिरंजीवानें मोबाइलवर मावशींचा आधार क्रमांक घातला. यंत्रानें उत्तर दिलें कीं, वय सहासष्ट, पात्र नाहीं.

"सहासष्ट कसें?" सौभाग्यवती म्हणाल्या. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हां यांचें लग्न ठरलें होतें ना?" कोयनेचा भूकंप १९६७ च्या ११ डिसेंबरचा. त्या वेळीं मावशी चौदा वर्षांच्या होत्या आणि १९७२ च्या दुष्काळांत थोरला मुलगा कडेवर घेऊन खडी फोडावयास जात होत्या, हें त्यांनीं आमच्या घरांत शंभरदां सांगितलें होतें. म्हणजे जन्म १९५३ चा, वय बहात्तर. हा हिशेब आम्हांला पाठ होता. फक्त अर्ज भरतांना तो करावा असें वाटलें नाहीं. आमच्या एका आंकड्यानें मावशींचीं सहा वर्षें नाहींशीं झालीं होतीं, आणि जें कार्ड त्यांना आज मिळावयाचें, तें २०२९ सालीं मिळणार होतें. त्या छातीला तितका वेळ नव्हता. आम्ही खालीं मान घालून बसलों. मावशींनाच आमची दया आली. "ऱ्हाऊं द्या गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुमी मला ल्हानच केलं, म्हातारी तर न्हाई केलं!"

पुढें जें घडलें तें आमच्या हुशारीनें नव्हे. रुग्णालयाच्या दाराशीं 'आरोग्यमित्र' अशी पाटी लावून एक तरुण मुलगी बसली होती. आमची सर्व कर्मकथा ऐकून तिनें एवढेंच विचारलें, "आजोबा, यांचें रेशनकार्ड कोणत्या रंगाचें आहे?" मावशींच्या पत्र्याच्या पेटींत पिवळी शिधापत्रिका होती. ती मुलगी म्हणाली, "मग वयाचा प्रश्नच कुठें येतो?"

महाराष्ट्रांत २०१२ सालीं आठ जिल्ह्यांत आणि पुढील वर्षीं सर्व राज्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. तींत पिवळ्या शिधापत्रिकेवरील कुटुंबें पहिल्यापासूनच आहेत. पूर्वीं मर्यादा दीड लाखाची होती. २०२४ च्या जुलैपासून ती कुटुंबामागें वर्षाला ५ लाख झाली, आणि केशरीच नव्हे तर पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसहि दार उघडलें. म्हणजे ज्या मदतीसाठीं आम्ही सत्तरीचा दाखला शोधीत होतों, ती मदत मावशींच्या पेटींत कित्येक वर्षें पडून होती. पत्र्याच्या झांकणाखालीं होती, आणि आमच्या अज्ञानाच्या झांकणाखालीं होती. कागद वर गेले, मंजुरी आली, आणि तिसऱ्या दिवशीं जाळी बसली. एक पैसाहि द्यावा लागला नाहीं.

यावरून सुचलेल्या कांहीं गोष्टी सांगतों. पहिली ही कीं, या योजना रुग्णालयांत दाखल होऊन घ्यावयाच्या, ठरलेल्या उपचारांपुरत्या आहेत. दवाखान्याच्या दारावरून आणलेली रोजची रक्तदाबाची गोळी यांत बसत नाहीं; मावशींच्या गोळ्या आतां आमच्याच किराण्याच्या यादींत येतात. दुसरी, रुग्णालय योजनेंत आहे कीं नाहीं हें दाखल होण्यापूर्वीं विचारावें. आयुष्मान योजनेसाठीं १४५५५ हा दूरध्वनि क्रमांक आहे. तिसरी, जें कुटुंब आयुष्मान योजनेंत आधींच आहे, त्यांतील सत्तरीवरच्यांस आणखी ५ लाखांचें निराळें संरक्षण मिळतें, तें घरांतील तरुणांशीं वांटून घ्यावें लागत नाहीं. इतरांच्या बाबतींत पति-पत्नी दोघेंहि सत्तरीपलीकडचीं असलीं तर ५ लाख दोघांत मिळून. चौथी, खासगी विमा असला तरी हें कार्ड घेतां येतें. मात्र केंद्र सरकारच्या निवृत्त सेवकांची वा माजी सैनिकांची आरोग्ययोजना ज्यांना आहे, त्यांनीं दोहोंपैकीं एक निवडावयाची असते.

आणि आमच्यासारखे, जे साठीच्या पुढें पण सत्तरीच्या आंत लोंबकळत आहेत, त्यांचें काय? त्यांनीं प्रथम आपली शिधापत्रिका काढून पाहावी. ती नसेल तर खासगी विम्याचा हप्ता भरावा लागतो, आणि तो वयाबरोबर चढत जातो. पण तेथेंहि थोडा दिलासा आहे. विमा घेण्यास पासष्टीची जी मर्यादा आड येत असे, ती २०२४ सालीं उठली. साठीपुढील लोकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा तर विमानियामकांशीं आधीं विचारविनिमय करावा, असें कंपन्यांना २०२५ च्या जानेवारींत बजावलें गेलें. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के कर २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून उठला.

आमच्या समाजांत एक वृत्ति आहे, तिच्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. सरकारी मदत म्हटली कीं, 'आपण कशाला धर्मादाय घ्यावा?' असें आपण म्हणतों. हा अभिमान दिसावयास सुंदर आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, या योजनांची माहिती आपण स्वतःसाठीं मिळवीत नाहीं, आणि मग आपल्या दारांत राबणाऱ्या माणसांसाठींहि ती आपल्यापाशीं नसते. आम्ही रोज दोन वृत्तपत्रें वाचतों, अमरकोशांतील अग्नीचीं नांवें अजून म्हणून दाखवूं; पण चाळीस वर्षें आमचें घर सांभाळणाऱ्या बाईच्या शिधापत्रिकेचा रंग आम्हांस ठाऊक नव्हता. मावशींना 'घरच्यासारख्या' म्हणणें सोपें होतें. घरच्या माणसाचे कागद जसे आपण जपतों, तसे त्यांचे जपले असते, तर तो शब्द खरा झाला असता.

आतां राहिली आमची चूक. आधारवरील जन्मतारीख एकदांच दुरुस्त करतां येते, आणि तीहि लेखी पुराव्यावर. मावशी लहानपणीं माहेरच्या शाळेंत दुसरीपर्यंत गेल्या होत्या, असें त्यांच्या बोलण्यांत आलें होतें. आम्ही एसटीनें त्या गांवीं गेलों. मुख्याध्यापकांनीं सौजन्यानें जुन्या कपाटांतील जनरल रजिस्टर काढून दिलें. वाळवीनें कडा खाल्ल्या होत्या. पण नोंद शाबूत होती. मावशींचें माहेरचें नांव, बापाचा धंदा शेतमजुरी, आणि जन्मतारीख: १ जून १९५३.

तारीख पाहून आम्हांस हंसूं आलें, आणि लागलीच डोळेहि भरून आले. त्या गुरुजींनींहि अंदाजच केला होता. परंतु त्यांनीं समोरच्या पोरीकडे नीट पाहिलें असावें. तिचा हात डोक्यावरून कानाला लावून पाहिला असावा. आम्हीं मात्र तिच्याकडे न पाहतां, स्वतःकडे पाहून वर्ष लिहिलें. दोन मास्तरांच्या अंदाजांत फरक एवढाच, आणि तो सहा वर्षांचा.

दाखल्याची नक्कल जोडून अर्ज दिला आहे. निकाल यावयाचा आहे. मावशी आतां पाट्यावर बसत नाहींत, ओट्यावर बसून सूनबाईंना हुकूम सोडतात.

वाचकांस एकच विनंति. येत्या रविवारीं, जेवणें झाल्यावर, घरांतील सर्व वडील मंडळींचीं आधारकार्डें व शिधापत्रिका पाटावर मांडा आणि त्यांवरील वर्षें ताडून पाहा. आणि पंगतीनंतर जी बाई उष्टीं काढते, तिचीहि कार्डें मागून घेऊन त्यांच्याच शेजारीं ठेवा.