भरलेले अंग, न तपासलेले रक्त

या वसतिगृहात आम्ही प्रथम आलो, तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांच्या बरगड्या मोजता येत असत. पहाटेची वंदना, मैदानावरची धाव, दुपारी ज्वारीची भाकरी आणि तुरीची आमटी असा आमचा दिनक्रम होता. सुट्टीत घरी गेलो की आई आधी दंड चाचपून पाही आणि ‘अन्न अंगी लागले’ म्हणून समाधान पावे. तिच्या पिढीने भूक सोसली होती. भरलेले अंग हा तिच्या लेखी सुखाचा पुरावा होता.

तीच समजूत घेऊन आम्ही मोठे झालो. नोकऱ्या लागल्या, दिवसभर खुर्चीत बसणे आले, दाराशी मोटारसायकल आली. माजी विद्यार्थी मेळाव्यात एकमेकांच्या सुटलेल्या पोटावर थाप मारून ‘नोकरी मानवली दिसते!’ असे आम्ही कौतुकाने म्हणत असू.

मग आमच्याच तुकडीतील एका मित्राला अंधूक दिसू लागले. वय अवघे चौतीस. चष्म्याचा नंबर बदलला असेल, या समजुतीने तो नेत्रतज्ज्ञांकडे गेला. त्यांनी डोळ्याचा पडदा पाहिला आणि रक्त तपासून घेण्यास सांगितले. उपाशीपोटी साखर २१२ निघाली. हा विकार काही वर्षे अंगात असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. तहानेचा दोष तो उन्हाळ्याला देत आला होता आणि थकव्याचा कामाला.

त्यानंतर आम्ही अकरा जणांनी रक्त तपासून घेतले. दोघे मधुमेही निघाले, चौघे उंबरठ्यावर. सहाही जणांना कसलाच त्रास जाणवत नव्हता.

तेव्हा कळले ते येथे नोंदवतो. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर तो उंबरठा; १२६ वा अधिक असेल आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह. आपल्या लोकांत हा विकार तुलनेने कमी वयात आणि कमी वजनावरही जडतो. म्हणून पुरुषांच्या पोटाचा घेर ९० सेंटीमीटर व स्त्रियांचा ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक असणे ही धोक्याची खूण मानतात. गरोदरपणी साखर वाढलेल्या भगिनींनी तर विशेष जपावे. शासकीय आरोग्य केंद्रांत तिशीपुढील सर्वांची तपासणी केली जाते. पण वजन जास्त असून आईवडिलांना मधुमेह असेल, तर तिशीचीही वाट पाहू नये.

बाबासाहेब अखेरची कित्येक वर्षे मधुमेहाने त्रस्त होते, हे आम्ही शाळेतच वाचले होते. वाचून हळहळलो; पण आपले रक्त तपासावे, हे कधी सुचले नाही.

संयुत्तनिकायातील कोसलराज पसेनदीची कथाही येथेच ऐकली होती. भरपेट भात जेवून धापा टाकत आलेल्या राजाला भगवान बुद्धांनी भोजनात मात्रा ओळखण्याचा उपदेश केला. राजाने एका तरुणास ती गाथा रोज जेवणाच्या वेळी म्हणण्यास सांगितले आणि आहार हळूहळू कमी केला. त्याचे शरीर हलके झाले. उपाशी राहण्याचा उपदेश त्यात नाही. आहे तो सजगतेचा.

उंबरठ्यावरून परत फिरता येते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा लोकांनी वजन थोडे उतरवले, आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम ठेवला आणि मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. आमच्या चौघांपैकी तिघांची साखर आता शंभराखाली आहे.

त्यांतील एकाची आई परवा त्याचा दंड चाचपून काळजीने म्हणाली, ‘वाळलास रे, दुखणे तर नाही ना?’ त्याने तिला शेजारी बसवून रक्ताचा अहवाल वाचून दाखवला.

आमच्या धाकट्या बंधुभगिनींना एवढीच विनंती आहे, की पुढच्या मेळाव्यास येण्यापूर्वी एकदा उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे.