तात्पुरती मनाई

शीवच्या किल्ल्याजवळ आमची पागडीची जुनी इमारत आहे. 2023च्या पावसाळ्यात मालकाने गच्चीच्या जिन्याच्या तोंडाशी विटांची भिंत घालायला घेतली. आमच्या पाण्याच्या टाक्या गच्चीवर. तोंडी सांगून झालं, पत्रं झाली, शेवटी आम्ही भाडेकरूंनी धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात दावा लावला. भिंत पुरी झाली तर टाक्यांपर्यंत जाता येणार नाही, हे फोटोंवरून न्यायाधीशांना पटलं आणि मालकाला नोटीस न देताच एकतर्फी मनाई मिळाली.

मी पिशवी उचलली. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, “काका, कुठे निघालात? हे सगळं आत्ताच्या आत्ता पोस्टात पडायला हवं.” दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39, नियम 3 मध्ये तसंच आहे. एकतर्फी हुकूम घेणाऱ्याने दावा, अर्ज, प्रतिज्ञापत्र, कागदपत्रं यांच्या प्रती समोरच्याला लगेच द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने धाडायच्या, आणि धाडल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यायचं.

झेरॉक्सवाल्याकडे फोटो काळेठिक्कर आले. भिंत कुठली नि जिन्याखालचा अंधार कुठला, कळेना. वकीलबाईंनी ते परत केले आणि रंगीत काढायला लावले. मालक उद्या म्हणेल, मला दिसलंच नाही. जीपीओच्या खिडकीवर लिफाफा वजनाला ठेवला तेव्हा काउंटर बंद व्हायची वेळ झाली होती. पावती प्रतिज्ञापत्राला टाचून दुसऱ्या दिवशी कोर्टात.

ही झाली आमची मुदत. कोर्टाची नियम 3अ मध्ये आहे, 1976च्या दुरुस्तीने आलेली: एकतर्फी मनाईचा अर्ज 30 दिवसांत निकाली काढण्याचा कोर्टाने प्रयत्न करावा, जमलं नाही तर कारणं नोंदवावीत. पहिल्या तारखेला मालकाच्या वकिलाने ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायला वेळ मागितला. पुढे कधी त्या दिवशीच्या केसेसचं बोर्ड लांबलं, कधी साहेब रजेवर. रोजनाम्यात दर वेळी तेच: मुदत दिली, हुकूम पुढे चालू. तीस दिवस केव्हाच उलटले. अशा वेळी समोरच्याला थेट अपील करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलंय. मालकाने ते केलं नाही. त्याचा माणूस जिन्यात भेटला की म्हणायचा, “सहा महिने होऊ द्या, स्टे आपोआप उडतो.”

ते सहा महिने सर्वोच्च न्यायालयाच्या 2018च्या निकालातले, आणि मुळात खालच्या कोर्टातली केस थांबवणाऱ्या स्थगितीबद्दलचे. आमची मनाई भिंतीला होती, खटल्याला नाही. पण शेजारचे जोशी घाबरले, टाक्या खाली आणायचा खर्च काढून बसले. 29 फेब्रुवारी 2024 रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी तो सहा महिन्यांचा नियमही रद्द केला. मुख्य निकाल अभय ओक यांचा, म्हणजे आपल्याच मुंबई हायकोर्टातून गेलेल्या न्यायमूर्तींचा.

परळची माझी बहीण मात्र कोर्टात उलट्या बाजूला होती. पुनर्विकासात तिने घर रिकामं केलं नाही म्हणून बिल्डर लवाद कायद्याच्या कलम 9 खाली हायकोर्टात गेला. तिथे अंतरिम हुकूम मिळाला की 90 दिवसांत लवाद सुरू करावा लागतो, नाहीतर कोर्टाकडून वाढीव मुदत घ्यावी लागते. रिट अर्जात तर एकतर्फी स्थगिती उठवण्याचा अर्ज दोन आठवड्यांत निकाली निघाला नाही तर ती उठते, असं घटनेच्या कलम 226(3) मध्येच लिहिलंय. बहीण विचारते, “तुमच्या तीस दिवसांना असं काही का नाही?”

मला तो नियम तसाच बरा वाटतो. बोर्ड लांबलं म्हणून आपोआप मनाई उठली असती, तर मालकाने दोन तारखा मागून भिंत पुरी केली असती. मालकाचा वकील आजही वेळ मागतो. वकीलबाई हरकत घेत नाहीत, आणि आम्हीही त्यांना ती घ्यायला सांगत नाही.