हस्तातली शाळा

जूनमध्ये आमच्या गल्लीत रिक्षा पोरांनी ठासून भरतात आणि माझी दोन नातवंडं गॅलरीतून त्यांना टाटा करतात. मुलगा आणि सून दोघांना घरीच शिकवतात. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत हजेरी घेतलेली बाई; माझ्याच नातवंडांचं नाव कुठल्या हजेरीपटावर नाही, हे पचायला जड गेलं. शेजारपाजार अजून विचारतो, "काय ओ काकू, पोरं घरीच? बरं नाही का?" मग मी मुक्त विद्यालयाच्या परीक्षा सांगते, दहावीचा 17 नंबरचा फॉर्म सांगते, आणि शेवटी पंडिता रमाबाईंना आईनं, लक्ष्मीबाईंनीच संस्कृत शिकवलं होतं, तेही सांगते. रमाबाईंचं नाव काढलं की माणसं गप्प होतात. पटलं म्हणून नव्हे, पुढं काय बोलावं ते सुचत नाही म्हणून.

जून मात्र आमच्या घरशाळेला कधी मानवला नाही. सून दर वर्षी हौसेनं वेळापत्रक करून भिंतीला चिकटवते. आषाढात त्याचा एक कोपरा सुटतो, श्रावणात दुसरा. सोलापुरात तेव्हा आभाळ नुसतं भरून येतं, वारा सुटतो आणि ढग कुठं तरी पुढं निघून जातात. घरात कुणाचंच मन ठिकाणावर नसतं. इथला भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला, परतीच्या वाटेवरचा. त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. म्हणून माझं तर ठाम मत झालंय की जूनचं वर्ष ही पुण्या-मुंबईची सोय. आमच्या गावाचं वर्ष हस्तात लागतं. शाळेत असताना मला हे म्हणायची मुभा नव्हती, आता आहे.

सप्टेंबर सरता सरता हस्त नक्षत्र लागलं की घर आपोआप मार्गाला लागतं. मोहोळकडं माझ्या भावाची काळी जमीन आहे. वाफसा आल्याचा त्याचा फोन आला की गणिताची वही सरळ बांधावर जाते. मालदांडी ज्वारीचं बी हेक्टरी 10 किलो, दोन ओळींत 45 सेंटिमीटर, दोन रोपांत 15. थोरलीनं बांधावर बसून हिशोब घातला : हेक्टरी सुमारे 1 लाख 48 हजार रोपं. भावानं तो ऐकला, मान डोलावली आणि तिच्या हाती पाभरीचं चाडं दिलं. बी मुठीत धरून बोटांच्या फटीतून सोडायचं. मूठ सैल पडली तर दाट पडतं, आवळली तर तास मोकळा जातो. बैल काही थांबत नाहीत. पहिल्या तासाला तिचं बी अर्ध्यातच संपलं. दुसऱ्या तासाला भाऊ तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवून चालला. माझ्या नोकरीत असा तास मला एकदाही घेता आला नाही, हे कबूल करायला हवं.

शहरात परतावं तर तिथं वेगळीच धांदल. सर्वपित्रीपासून पूर्व भागात बतुकम्मा सुरू होते. यंत्रमागांमागं तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं इथं पिढ्यान् पिढ्या नांदताहेत. त्यांच्या बायका ताटात फुलांचे थर रचतात, खाली रुंद, वर निमुळते, आणि शेंड्यावर हळदीची गौरम्मा. त्यात मुख्य फूल तरवडाचं. हे पिवळं झुडूप आमच्या माळावर इतकं माजलेलं असतं की एरवी त्याच्याकडं कोण बघतो! पण त्या नऊ दिवसांत धाकटा शेजारच्या अव्वांसाठी ते पिशवी भरून आणतो आणि मोबदल्यात तेलुगूत मोजायला शिकतो. ओकटि, रेंडु, मूडु. वीसपर्यंत आलाय. फेर धरलेल्या बायकांच्या टाळ्याही तो त्याच आकड्यांत मोजतो.

मग नवरात्रातलं रूपाभवानीचं पहाटेचं दर्शन, घटातल्या रोपांची रोज उंची लिहिणं, तबल्याची परीक्षा, हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेली आणि मुदत उलटलेली पुस्तकं. वेळापत्रक भिंतीवर नाही, तरी पोरं साडेपाचला उठलेली. कोजागरीला सोलापूरची माणसं चालत तुळजापूरला निघतात, पंचेचाळीसेक किलोमीटर. थोरलीला जायचंय. सून म्हणते, यंदा तामलवाडीपर्यंत, पुढं एसटी. वाटाघाटी चालू आहेत. नकाशा, सावलीच्या जागा आणि पाण्याचे टप्पे थोरलीनं कागदावर मांडून दिलेत, तेव्हा ती जिंकेल असं दिसतंय.

धाकट्याचा अर्ज निराळा आहे. शाळेतल्या पोरांना दिवाळीची सुट्टी असते, मग मला का नाही?

"सुट्टी कशापासून रे?" सुनेनं विचारलं.

त्यानं बराच विचार केला. "भागाकारापासून."

मंजूर झाली. किल्ल्याची माती, पणत्यांचं तेल आणि फटाक्यांचे पैसे दोघा भावंडांत सारखे वाटायचं काम त्याच्याकडं आहे, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.