कंटेम्प्ट टाकू का?

निवृत्तीनंतरच्या वेतन-फरकासाठी मी खात्याविरुद्ध हायकोर्टात गेलो आणि चक्क जिंकलो. बारा आठवड्यांत रक्कम द्या, असा आदेश झाला. मुदत उलटली, दमडी आली नाही. वकीलबाई म्हणाल्या, ‘‘सर, आता कंटेम्प्ट टाकू.’’ गिरणीत दळण टाकावं, तसं!

मी जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. घरी येऊन डिक्शनरी काढली. तिरस्कार, तुच्छता. दुसऱ्या दिवशी फोन केला, ‘‘मॅडम, माझा कुणावर राग नाही हो. पैसे मिळाले की झालं.’’

‘‘सर, तुमचा नाही. त्यांनी कोर्टाचा केलाय.’’

हे तर आणखीच पटेना. आमच्या खात्यातले क्लार्क कोर्टाचा तिरस्कार करतील? ‘निधी आला की काढतो बिल’ एवढंच ते दर वेळी सांगत, वर चहाही पाजत.

मग बाईंनी शिकवणीच घेतली. कायदा 1971 चा. अवमान दोन तऱ्हांचा. कोर्टाची बदनामी केली, कामकाजात अडथळा आणला, तर तो फौजदारी. प्रशांत भूषण यांना 2020 मध्ये ट्वीटवरून एक रुपया दंड झाला, तो यातला. माझ्या डोक्यात तेवढाच होता. आदेश जाणूनबुजून पाळला नाही, तर तो दिवाणी. मनात तिरस्कार असो वा नसो, कायदा ‘जाणूनबुजून’वर बोट ठेवतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मनापासून माफी मागितली तर सुटकाही. आणि हे सगळं एका वर्षाच्या आत टाकायचं. ते ऐकून मात्र माझी झोप उडाली.

‘‘दंडातलं मला काय मिळणार?’’

‘‘काही नाही. पण याचिका साहेबांच्या नावानिशी लागते, नुसत्या खुर्चीच्या नाही.’’

खरी मेख इथे होती. नोटिशीचा पहिला मसुदा मीच लिहिला, ‘न्यायालयाचा तिरस्कार केल्याबद्दल’. बाईंनी ‘तिरस्कार’ खोडून ‘अवमान’ केलं आणि साहेबांचं पूर्ण नाव घातलं.

आठवड्याभरात क्लार्कचाच फोन. ‘‘सर, कंटेम्प्ट तेवढं टाकू नका. साहेबांचं प्रमोशन तोंडावर आहे.’’

बिल आता ट्रेझरीत गेलंय म्हणतात. बाईंनी याचिका टाइप करून ठेवलीय, फक्त माझी सही व्हायचीय.