सरड्याचे घर

आमच्या धाकट्या लेकीला वस्तीच्या कुंपणावर घोयरा सरडा दिसला. एक डोळा पुढे, दुसरा मागे! तिने हट्टच धरला, "आई, याला घरी पाळू या. पिंजऱ्यात झाडंसुद्धा लावू."

मी तिला जवळ बसवून समजावले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आपल्याकडचा हा सरडा पाळता येत नाही. शिवाय त्याची राहणी निराळी. वाटीतल्या साचलेल्या पाण्यापेक्षा तो पानांवरचे थेंब चाटतो. चिमट्यासारख्या पायांनी फांदी धरून चालतो. मादीला अंडी पुरायला मोकळी माती लागते. हे सारे कुंपणात आहेच.

मग आम्ही मायलेकींनी तिथेच मेंदीची चार रोपे लावली. सकाळी पानांवर पाणी शिंपडू लागलो.

एके दिवशी शेजारचे काका काठी घेऊन धावले. "विषारी आहे, मारा त्याला!" लेक आडवी उभी राहिली. "काका, त्याला विष नसतं. तो किडे खातो." काका थबकले आणि काठी टाकून निघून गेले.

भगिनींनो, मुलांच्या हट्टाला धपाटा हे उत्तर नव्हे. कारण सांगा. पटलेली गोष्ट मूल चार माणसांतही ठामपणे बोलते.